एमिल कोथमनची रायफल

१२ मे
वेंडेल क्रॉसिंग, टेक्सस

रॉइस,

अक्षर ओळखलं असशील. धक्का बसला असेल तर बसू दे. हे माफीचं पत्र नाही आणि सलोख्याचं तर मुळीच नाही. काम आहे म्हणून लिहितेय.

परवा भुईमूग पेरून झाला. काल सकाळी गेले, तर नदीकडचं अख्खं शेत उलटंपालटं. रानडुकरं! तू तुरुंगात गेलास तेव्हा वर्षाकाठी एखाददुसरं दिसायचं, आता कळपच्या कळप आहेत. आणि नुसती तुडवत नाहीत रे. ओळ धरून चालतात, नाक मातीत खुपसून बी वेचून खातात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. माझ्या हार्लनने जन्मात कधी इतकी सरळ पेरणी केली नव्हती, तितकं सरळ त्यांनी खाल्लंय. मी बांधावर उभी राहिले ती राहिलेच. तोंडातून शिवीसुद्धा फुटेना, आणि माझ्या तोंडातून शिवी फुटू नये म्हणजे काय हे तुला ठाऊक आहे.

संध्याकाळी बाबांची बोल्टची रायफल घेऊन बसले. एक लोळवलं. बोल्ट मागे ओढून दुसरी गोळी चढवेपर्यंत बाकीचा कळप मेस्किटच्या झुडपात. म्हणून सगळे म्हणतात, सेमी-ऑटोमॅटिक घे. चाप ओढला की सुटते, पुन्हा ओढला की पुन्हा, मध्ये काही खटाटोप नाही.

क्लोव्हिसच्या दुकानात गेले होते. त्याच्याकडे दोन आहेत. एक नवीकोरी, काळी, प्लास्टिकच्या दस्त्याची, उचलली तर हातात काही आहे की नाही कळू नये. दुसरी वापरलेली, लाकडी दस्त्याची, जड, पण खांद्याला लावली तर जणू माझ्याच मापाने केलेली. मी दोन्ही उलटसुलट करून पाहत होते तर क्लोव्हिस म्हणतो, "ओलीटाबाई, रायफल बघताय की जावई?" वर म्हणतो, नवी घ्या, वॉरंटी आहे. नव्या मालावर त्याला जास्त सुटत असणार.

म्हणून तुला विचारतेय. कितीतरी वर्षं तू त्याच्याच दुकानाच्या मागच्या खोलीत बंदुका उघडून बसायचास. बंदुकीचं तुझ्याइतकं या गावात कुणालाच कळत नव्हतं. त्या कळण्याचं पुढे तू काय केलंस, तेही सगळ्या गावाला ठाऊक आहे.

जुनी की नवी, एवढंच लिही. बाकी काही लिहू नकोस.

ओलीटा


२८ मे

रॉइस,

"एवढंच लिही" म्हटलं तर चार पानं! आणि त्यात एक अवाक्षर इकडचं तिकडचं नाही, नुसती रायफल. मी सांगितलं तसंच केलंस, आणि मला त्याचाच राग आला. असू दे.

तू सांगितलंस तसं जाऊन पाहिलं. नळीत दिव्याचा उजेड धरला, आतले पेच स्वच्छ आहेत, कुठे खड्डा नाही. बोल्ट काढून पाहिला. मॅगझिन भरून हाताने काडतुसं फिरवली, एकही अडकलं नाही. क्लोव्हिस शेजारी उभा राहून मजा बघत होता. म्हणाला, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "तुझ्याच नोकराने." त्यावर त्याचं हसू जे पळालं ते पळालंच.

नवीबद्दल तू लिहिलंस की ती वाईट नाही, पण हलकी रायफल माझ्या हातात उसळेल आणि दुसरी गोळी आभाळात जाईल. ते पटलं. म्हणजे जुनीच. पण तुझा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम टाळत होते. "कोण विकतोय आणि का विकतोय ते विचार, त्याशिवाय जुनी बंदूक घेऊ नकोस."

विचारायची गरज नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. एमिल कोथमन विकतोय.

हो, कर्टचा बाप. ज्या कर्टला तू डान्स हॉलच्या बाहेर, दारू पिऊन, पार्किंगच्या जागेवरून झालेल्या भांडणात गोळी घातलीस, त्याचा बाप. सोळा वर्षं मी चर्चमध्ये त्याच्या मागच्या बाकावर बसतेय आणि त्याच्या मानेकडे बघतेय. एमिलकाका कधी वाईट बोलला नाही. कधी चांगलंही बोलला नाही. आता वय झालंय, शेत वाट्याने दिलंय, डुकरं ही आता दुसऱ्याची डोकेदुखी, म्हणून रायफल क्लोव्हिसकडे विकायला ठेवली.

त्याची रायफल मी घ्यावी का? क्लोव्हिसने त्याला विचारलं म्हणे, की गिऱ्हाईक ओलीटा आहे, चालेल का. तो म्हणाला, "तिचा भुईमूग मेला तर कर्ट परत येणार आहे का? दे तिला." हे ऐकून मी रायफल परत भिंतीच्या खिळ्यांवर टांगली. 

अजून घेतलेली नाही. हिंमत होत नाही.

ओलीटा


११ जून

रॉइस,

तुला लाज कशी नाही वाटली?

काल दुपारी दारात पांढरी गाडी. उतरली एक बाई, हातात कागद, पायात चांगले बूट, आमच्या चिखलाने भरलेले. इबारा नाव, पॅरोल ऑफिसर. म्हणते, "तुमच्या भावाचा पॅरोल मंजूर होण्याच्या बेतात आहे, राहण्याचा पत्ता म्हणून त्यांनी तुमचं घर दिलंय, ते पाहायला आले." मी दाराची चौकट धरून उभी. पीठ भिजवलेला हात तसाच. रायफलवर चार पानं लिहिलीस तेव्हा ही एक ओळ लिहायला शाई संपली होती?

पण तुझ्यावर ओरडायला मला तोंड राहिलं नाही, कारण पुढे मी काय केलं ते ऐक.

तिला बसवलं, थंड चहा दिला. तिने घर पाहिलं, आईची खोली पाहिली, सगळं ठीक म्हणाली. मग विचारते, "घरात काही शस्त्रं आहेत का?"

मला आधी प्रश्नच कळेना. कुणी येऊन विचारावं, घरात चूल आहे का, तसं. मला वाटलं, बाई शहरातली आहे, इथे रानात तू सुरक्षित राहशील की नाही याची तिला काळजी. मी म्हटलं, "आहेत की! काही घोर लावून घेऊ नका." आणि तिला हाताला धरून दाखवत फिरले. फ्रीझरमागे हार्लनची शॉटगन. उशाला पिस्तूल. बाबांची रायफल आईच्याच कपाटात, म्हणजे तू राहशील त्या खोलीत. वर अभिमानाने म्हटलं, "आणखी एक घेतेय, सेमी-ऑटोमॅटिक. कुठली घ्यायची ते रॉइसच पत्रातून सांगतोय. त्याची नजर अजून गेलेली नाही."

तिचं पेन थांबलं. "बाई, आत्ता काय म्हणालात ते पुन्हा सांगाल?"

आणि मी पुन्हा सांगितलं! नळी, बोल्ट, मॅगझिन, सगळं. तिला रस वाटतोय असं वाटलं मला.

तिने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि अगदी हळू आवाजात समजावलं. पॅरोलवरचा माणूस ज्या छपराखाली झोपतो तिथे एकही बंदूक चालत नाही. मालकिणीचीसुद्धा नाही. कुलूपबंदसुद्धा नाही. आणि बंदुकीने खून केलेला माणूस तुरुंगातून रायफल निवडून देतो, हे कागदावर कसं दिसेल ते तुम्हीच सांगा.  माझ्याच तोंडाने मी तुझं दार बंद करत होते आणि वर तिला कॉर्नब्रेड खायचा आग्रह करत होते.

बाई वाईट नाही. म्हणाली, पत्राचं मी बघते, पण यापुढे त्याने बंदुकीचा ब लिहायचा नाही. आणि जुलै संपायच्या आत तुम्ही ठरवा. या घरात बंदुका राहतील किंवा भाऊ.

मी उत्तर दिलं नाही. तूही देऊ नकोस. मला विचारल्याशिवाय माझा पत्ता देणाऱ्याला मी उत्तर देणं लागत नाही.

ओलीटा


१९ जून

रॉइस,

खरं ते लिहिते. मी रायफल निवडली. तुला नाही.

पुन्हा पेरलं होतं, त्यातलंही अर्धं खाल्लं. एका बाजूला हे शेत, ज्याने मला हार्लन गेल्यावर, विधवा झाल्यावरही उभं ठेवलं, आणि दुसऱ्या बाजूला तू, ज्याच्या काळजीने आई आडवी झाली ती उठलीच नाही. मला काही कठीण गेलं नाही. काल सकाळी केस विंचरले, क्लोव्हिसकडे गेले आणि म्हटलं, "एमिलकाकाची काढ. आजच घेऊन जाते."

क्लोव्हिस भिंतीकडे बघायला लागला. मीही पाहिलं. नवी काळी होती तिथेच होती. शेजारचे दोन खिळे मोकळे.

"विकलीस?"

"नाही. एमिल परत घेऊन गेला. गेल्या गुरुवारी."

"का?"

"म्हणाला, मला लागणार आहे."

"शेत दिलं, गुरं विकली. रायफल कशाला लागणार त्याला?"

क्लोव्हिस काउंटर पुसत राहिला. स्वच्छ काउंटर. मग म्हणाला, "ओलीटाबाई, बुधवारी त्याला तुरुंग खात्याचं पत्र आलं. रॉइस येतोय म्हणून."

रॉइस, मी तडक गाडीत बसले.  घरी येऊन इबारा बाईला फोन लावला. ती म्हणाली, हो, मयताच्या घरच्यांना कळवावंच लागतं. त्यांनी हरकत घेतली असती तर रॉइसला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलं असतं. मी विचारलं, "मग घेतली का?" म्हणाली, "नाही. कोथमन स्वतः फोन करून म्हणाले, माझी काही हरकत नाही, इथेच येऊ द्या." त्या बिचारीला ते मोठ्या मनाचं वाटलं. तिच्या आवाजात कौतुक होतं.

इथेच येऊ द्या. आणि दुसऱ्या दिवशी जाऊन रायफल परत आणली.

मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. इतकी वर्षं कुणी तुझं नाव काढलं की मी म्हणायचे, माझ्या लेखी तो मेला. सगळ्यांसमोर म्हणायचे. आणि काल तू खरंच मरशील असं वाटलं तेव्हा मी ओरडले. घरात एकटी, मोठ्याने, तुझं नाव घेऊन ओरडले. मला माझंच नवल वाटलं, आणि भीतीही.

तू इकडे येऊ नकोस. दुसरा पत्ता दे.

ओलीटा


२६ जून

रॉइस,

तुझं पत्र मिळालं. "दुसरा पत्ता नाही, ताई." एवढंच लिहिलंस. बरोबर आहे, कुठून असणार?

म्हणून काल सगळ्या बंदुका गोळा केल्या. शॉटगन, पिस्तूल, बाबांची रायफल, पिकअपमधली ती छोटी. फाटकापर्यंत गेले आणि आठवलं, पंपाच्या खोलीत खिळ्याला एक टांगलीय. ती बंदूक आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं, ती सापांसाठी असते. परत आले, तीही घेतली. सगळं गोधडीत गुंडाळून क्लोव्हिसकडे ठेवायला निघाले.

गेले नाही. एमिलकाकाच्या वळणावर आले आणि गाडी आपसूक वळली. तू म्हणशील, वेड लागलं का. लागलं असेल.

तो ओसरीवर पीच कापत बसला होता. मी पायरीवरच उभी राहिले.

"रायफल परत का आणलीत?"

"बस, ओलीटा. पीच घे. यंदा गोड आहेत."

"पीच नको. उत्तर द्या."

सुरी थांबली नाही. "पहिल्या दिवशी, तुझ्या मनात आहे त्यासाठीच आणली. साफ केली, भरली. टेबलावर ठेवली. तिच्याकडे बघत जेवलो."

मी म्हटलं, "आणि आता?"

"आता एवढंच कळतं की ती तुला विकवत नाही. माझी रायफल आणि तो एका छपराखाली? छे."

"मग हरकत का नाही घेतलीत? एका फोनने तो दुसरीकडे गेला असता."

तेव्हा त्याने वर पाहिलं. इतकी वर्षं मी त्याची मानच पाहिली होती, डोळे नाही. म्हणाला, "दुसरीकडे गेला असता तर मला काय कळलं असतं? तिथे तो सकाळी उठून कॉफी पितोय, कुणाशी तरी हसतोय, आणि मी इथे नुसता कल्पना करत बसलोय. ते मी सोळा वर्षं केलं. आता मला बघायचंय." मग पीचची बी बादलीत टाकली. "कायद्याने त्याला माझ्या दारात यायला बंदी आहे. मला त्याच्या दारात यायला नाही."

 मी गाडीकडे गेले, गोधडी आणली आणि त्याच्या ओसरीवर सोडली. आतून सगळं खणखणलं.

"हे काय?"

"माझ्या घरातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या. तुम्ही ठेवा. आता माझ्याकडे भाजी चिरायच्या सुरीशिवाय काही नाही, हे तुम्हाला माहीत असलेलं बरं."

"क्लोव्हिसकडे का नाही ठेवल्यास?"

"मला भीती वाटते ती तुमची. क्लोव्हिसची नाही."

त्याने गोधडी भिंतीशी ओढून घेतली. मग म्हणाला, "मी कसलाही शब्द देणार नाही, ओलीटा."

"मागितलाय कुणी?" मी म्हटलं.  आणि पीचही घेतले त्याने दिलेले, पिशवीभर. का घेतले ते मला विचारू नकोस.

ओलीटा


१२ जुलै

रॉइस,

हे पत्र सावकाश वाच आणि वाचून झाल्यावर लगेच उत्तर लिहू नकोस.

चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या संध्याकाळी मी भांडी घासत होते. गावात फटाके चालूच होते, त्यामुळे आधी लक्ष गेलं नाही. मग कळलं, हा आवाज गावाकडचा नाही, नदीकडचा. आणि फटाक्यांसारखा वेडावाकडाही नाही. एक, मग थांबून एक, मग लागोपाठ काही, मग पुन्हा थांबून एक. मी ओल्या हातांनी तशीच धावले. वाटलं, तू न सांगता आलास. सोडलं त्यांनी तुला लवकर, आणि तू शेतातून चालत आलास, आणि त्याने गाठलं. कुंपणापर्यंत पोचेपर्यंत मी मनात तुला पुरूनही मोकळी झाले होते.

एमिलकाकाचा पिकअप बांधाला उभा. तो मागच्या फळीवर बसला होता, रायफल मांडीवर. शेतात डुकरं आडवी पडलेली, मोठ्या माद्यासुद्धा.

"दोन निसटली," तो म्हणाला, जणू आम्ही ठरवूनच भेटत होतो. "बाकीची मिळाली. उजेड कमी होता."

मला धाप लागली होती. "तुम्ही इथे काय करताय?"

"तो आला की तुझ्या घरात बंदूक राहणार नाही. डुकरांना कुणी तो कायदा वाचून दाखवलाय का?" त्याने मॅगझिन काढून खिशात टाकलं. "दर शनिवारी संध्याकाळी येत जाईन. भुईमूग काढेपर्यंत. पुढच्या वर्षीही, जमलं तर."

"आणि रॉइस?"

"तो घरात. मी शेतात. त्याने बाहेर यायचं नाही, मी आत जाणार नाही. त्या ऑफिसर बाईला विचारून घे." मग तो उतरला, गुडघा धरून, आणि एका डुकराकडे बघत म्हणाला, "तो आवाज ऐकेल. आणि तो ऐकतोय हे मला माहीत असेल. मला तेवढं पुरेल असं वाटतं. नाही पुरलं तर तेव्हा बघू."

मी त्याला काय म्हणावं? उपकार म्हणावे तर अंगावर काटा येतो. धमकी म्हणावी तर शेत हिरवं आहे. आऱ्या सुटल्यात रॉइस, यंदा पहिल्यांदा; आता शेंगा धरतील.  मी त्याला डुकरं ओढायला मदत केली.

इबारा बाईला विचारलं. तिने नियम काढून पाहिले. मग म्हणाली, तो जोवर शेतात आणि रॉइस घरात, तोवर नियम मोडत नाही. पण असं मी आजवर कधी ऐकलं नाही, म्हणाली.

काल शनिवार होता. तो आला. मी तुझ्या खोलीत जाऊन तुझ्या पलंगावर बसले, तुला कसं वाटेल ते बघायला. खिडकी लावली. ऐकू येतं. पंखा मोठा केला, रेडिओ लावला. तरी ऐकू येतं. मधलं थांबणंच वाईट आहे, कारण आता संपलं असं वाटतं आणि संपलेलं नसतं. माझ्याने बसवेना. पण मी बसले, शेवटपर्यंत.

तू यावंस असं मला वाटतं. हे लिहायला मला इतका वेळ लागला. पण ये म्हणून मी तुला आग्रह करणार नाही, कारण पलंगावर तुला बसायचंय. मी शेजारी बसेन. दर शनिवारी बसेन. त्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.

इबारा बाईला महिनाअखेरीस उत्तर द्यायचंय. तुझं येईल तेच मी देईन.

ओलीटा